यू-बोल्टवरची हिरवी रेघ

कोणाकडे जेवायला गेलो की बसण्याआधी मी खुर्ची जरा हलवून बघतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, चिडते. म्हणते, "दुसऱ्याच्या घरी तरी तुमचं इन्स्पेक्शन बंद ठेवा." पण हात आपोआप जातो, काय करणार? तीस वर्षं मला पगारच संशय घेण्याचा मिळाला. इंदूरजवळ पिथमपूरच्या एका गाड्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्याने नीट केलेलं काम नीट झालेलंच नाही असं धरून चालायचं, ही माझी ड्यूटी.

आम्ही मूळचे महूचे. आजोबा पलटणीत, वडील छावणीतल्या वर्कशॉपात फिटर. घरात शिस्तीचा धाक असा की चप्पलसुद्धा रांगेत काढायची. त्यामुळे कारखान्यात मला वेगळं काही शिकावं लागलं नाही, फक्त मोजायचा पाना नवीन होता.

त्या पान्याबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे छोटी मालवाहू गाडी बनायची, जिला सगळे सरसकट टेम्पो म्हणतात. तिच्या मागच्या ऍक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, ओझं पेलणारे लोखंडी पाटे लागतात. ते पाटे ऍक्सलशी घट्ट धरून ठेवायला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे बोल्ट असतात, दोन्ही बाजूंना दोन-दोन. बोल्ट ढिला राहिला तर भरल्या गाडीचा ऍक्सल सरकतो आणि जास्त आवळला तर बोल्ट आतून तुटायला लागतो. म्हणून किती आवळायचं याचं माप असतं आणि ते माप झालं की टॉर्कचा पाना "कट्ट" असा आवाज देतो. तो आवाज आला की कामगाराने काडीने रंगाची एक रेघ ओढायची, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पट्टीवर. नट नंतर जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. सोपं काम आहे, पण त्याच्यावर ड्रायव्हरचा जीव असतो.

प्रत्येक माणसाचा रंग ठरलेला होता, म्हणजे खोट निघाली तर कोणाकडे जायचं ते कळावं. ऍक्सलवर आमच्या शिफ्टला दिनकर इंगळे होता, त्याचा रंग हिरवा. दिनकर डावखुरा. त्यामुळे त्याची रेघ बाकीच्यांपेक्षा उलट्या बाजूला झुकायची. तयार ऍक्सल स्टँडवर आले की मी चारांपैकी एका बोल्टला पुन्हा पाना लावून बघायचो. बरोबर असला की त्या नटावर माझा पांढरा ठिपका. ठिपक्याशिवाय ऍक्सल लाइनवर जायचा नाही, मग मोठ्या साहेबाचा फोन आला तरी नाही.

माझी नजर प्रसिद्ध होती, हे मीच सांगतो, दुसरं कोणी आता सांगायला राहिलं नाही. एकदा नव्या मॉडेलची पहिली गाडी हार घालून उभी केली होती. बाहेरचे पाहुणे, नारळ, पेढे, फोटोवाला, सगळं हजर. मी सवयीने वाकून पाहिलं तर स्टिअरिंगच्या एका बोल्टवर रेघच नाही. म्हणालो, गाडी थांबवा. साहेब नारळ हातात धरून पंधरा मिनिटं उभे. पाना लावला तर बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. त्या दिवसापासून लाइनवर म्हणायला लागले, "वानखेडे ने देख लिया तो देख लिया, भिया." मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

दिनकर माझा दोस्त होता. इंदूरात छत्रीबागेत राहायचा. कंपनीच्या बसमध्ये आमची एकच सीट, डावीकडची तिसरी. सहा-सात वर्षं आम्ही एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलो, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लं. त्याचे वडील मिलमध्ये होते. ती मिल बंद पडली तेव्हा ते पन्नाशीचे होते, आणि त्यानंतर रोज सकाळी डबा न घेताच मिलच्या गेटपर्यंत जाऊन परत यायचे. दिनकर म्हणायचा, "बाबांना अजून वाटतं भोंगा वाजेल." इंदूरात तेव्हा घराघरात असं एक माणूस होतं. त्यामुळे नोकरी जाण्याची भीती आम्हाला कोणी शिकवायची गरज नव्हती.

मग दिल्लीहून उदारीकरण आलं आणि आमच्याकडे पुण्याहून प्रधान साहेब आले. हातात स्टॉपवॉच. दिनकरच्या मागे उभे राहून बोल्ट किती सेकंदात होतो ते मोजायचे. महिन्याभरात लाइनचा वेग वाढला. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात उभं राहणं मुश्किल, त्यात लघवीला जायचं तर बदली माणूस येईपर्यंत थांबायचं, आणि बदली माणूस एकच. ठेक्याचे कामगार आमच्याइतकंच काम करायचे आणि त्यांना आमच्या कँटीनमध्ये बसायची मनाई. पगारवाढीची बोलणी वर्षभर नुसती चहावर चालली होती.

प्रधान साहेब मराठी होते, आणि खरी पंचाईत तिथेच झाली. शॉपमध्ये बहुतेक सगळे हिंदी बोलणारे, आम्ही मराठी मोजकेच. साहेब आमच्याजवळ येऊन शुद्ध मराठीत म्हणायचे, "काय वानखेडे, घरी सगळं ठीक ना?" साधा प्रश्न, पण पन्नास डोळे आमच्याकडे वळायचे. साहेब गेल्यावर कोणीतरी हमखास विचारायचं, "क्या बोल रहे थे तुम्हारे साहब?" तुम्हारे! जणू मीच त्यांना पुण्याहून गाडीत घालून आणलं होतं. मला ते इतकं लागायचं की मी साहेब दिसले की गाडीखाली शिरायला लागलो. दिनकरला मात्र काही फरक पडायचा नाही. तो साहेबांशी खुशाल भांडायचा, तेही मराठीतच. लांबून बघणाऱ्याला ते भांडण आहे की गप्पा हे कळायचं नाही.

एका दुपारी बदली माणूस आला नाही, आणि दिनकरने पाना खाली ठेवून लाइन थांबवली. त्याच्याबरोबर आणखी आठ जण थांबले. संध्याकाळी नऊ जण सस्पेंड. त्यावरून संप झाला.

युनियनचे पुढारी चौकसेजी. वजनदार माणूस, आवाज असा की लाऊडस्पीकरची गरज नाही. गेटसमोर तंबू पडला. सकाळी आपापल्या डब्यासह जायचं, सतरंजीवर बसायचं, घोषणा द्यायच्या, दुपारी परतायचं. पहिला आठवडा सहलीसारखा गेला. दुसऱ्या आठवड्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण तंबूत ठरलेली गोष्ट तासाभरात साहेबांच्या टेबलावर पोचायची. कोणत्या दिवशी मोर्चा, कोण कुठे भाषण करणार, सगळं. कोणीतरी आतल्या बाजूला खबर देत होतं. मिलमधून आलेले जुने लोक म्हणायचे, संप मालकालाच पाहिजे असतो, त्याला टाळं लावायला निमित्त मिळतं. मग आमच्यातला जो जास्त जोरात घोषणा देईल त्याच्यावरच शंका. जो गप्प बसेल त्याच्यावर तर आधीपासून होतीच.

मी गप्प बसणाऱ्यातला. वर मराठी. मी जवळ आलो की बोलणं थांबायचं. चहाचा ग्लास हातोहात पुढे सरकायचा आणि माझ्या अलीकडे संपायचा. घरी सुनंदाला म्हणालो, "मला खबरी समजतात साले." ती म्हणाली, "मग तोंड उघडा, सांगा ना." काय सांगणार? मी नाही हे कसं दाखवायचं?

तिसऱ्या आठवड्यात गाड्या बाहेर पडल्या. पोलिसांच्या बंदोबस्तात, दिवसाला चार-पाच. आतमध्ये ऑफिसर आणि ठेक्याचे लोक लाइन चालवत होते हे माहीत होतं, पण ऍक्सल? ऍक्सल जोडणं ऑफिसरचं काम नव्हे. कोणीतरी जाणकार आत गेला होता. आणि गाड्या निघायला लागल्या नेमके तेच चार दिवस दिनकर तंबूत आला नाही. निरोप आला होता की वडिलांना सरकारी दवाखान्यात ठेवलंय. चौकसेजी म्हणाले, "सबके बाप अभी बीमार पड़ते हैं." कोणीतरी म्हणालं, सस्पेंड माणसाला कंपनी सांगू शकते, आत ये, ऑर्डर मागे घेतो. दुसरा म्हणाला, सस्पेंड करणं हाच बनाव असेल. मी ऐकत होतो. खरं सांगू? मला हायसं वाटलं. चार दिवस माझ्याकडे कोणी संशयाने बघितलं नव्हतं.

त्या दुपारी महूच्या रस्त्यावर एक नवी गाडी पंक्चर होऊन ढाब्यासमोर उभी असल्याची खबर आली. पोलीस पुढच्या गाड्यांबरोबर निघून गेले होते. चौकसेजींनी मला स्कूटरवर मागे बसवलं. म्हणाले, "वानखेडेजी, तुम देखो. तुम्हारी आँख गलत नहीं होती." बरोबर आणखी दोघे आले. ड्रायव्हर बिचारा हात जोडून म्हणाला, "देख लो भाईसाब, बस काँच मत फोड़ना."

मी रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकलो. डांबर तापलेलं, पाठीला चटके बसत होते. बोल्टवर रेघ होती. हिरवी. उलट्या बाजूला झुकलेली.

वरून चौकसेजींचे बूट दिसत होते. त्यांनी विचारलं, "क्या है?"

मी म्हणालो, "इंगळे."

"पक्का?"

"पक्का."

बस, एवढंच. परत येताना चौकसेजींनी वाटेत थांबून मला उसाचा रस पाजला. तंबूत गेल्यावर लोकांनी सरकून मधोमध जागा दिली. चहाचा पहिला ग्लास माझ्या हातात आला, आणि मी तो चवीने प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनकर आला. दाढी वाढलेली, हातात डबा. नेहमीच्या जागी बसायला गेला तर कोणी हललं नाही. तो तसाच सतरंजीच्या कडेला उभा राहिला. चौकसेजी सगळ्यांसमोर म्हणाले, "क्यों इंगळे, अंदर की चाय कैसी है?" त्याला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा त्याने चौकसेजींकडे पाहिलंच नाही, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"वानखेडे, तू बघितलंस?"

"हो."

"नीट बघितलंस?"

"हो."

तो आणखी काही बोलेल असं वाटलं. शिव्या देईल, अंगावर येईल. त्याने डबा दुसऱ्या हातात घेतला आणि बसच्या थांब्याकडे चालू लागला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. त्यानंतर तो तंबूत आला नाही, आणि आम्ही म्हणालो, बघा, खरा असता तर आला असता!

सहाव्या आठवड्यात समझौता झाला. पगारवाढ थोडी मिळाली, बदली माणसं एकाची दोन झाली, ठेक्याच्या लोकांना कँटीन उघडलं. सस्पेंड झालेल्या नऊ जणांवर गाडी अडली. प्रधान साहेब म्हणाले, आठ घेतो, एक तरी बाहेर राहील, नाहीतर माझी लाइन उद्या पुन्हा कोणीही थांबवेल. कोण ते तुम्हीच सांगा. चौकसेजींना विचार करायला वेळ लागला नाही. नाव तयारच होतं, मी दिलेलं.

तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही, की दिनकर कंपनीचा माणूस असता तर कंपनीने त्याला बाहेर का ठेवला असता? संशयाचं असं असतं बघा, एकदा माणूस बसवला की मग उलटा पुरावासुद्धा त्याच्याच विरुद्ध जातो. आम्ही म्हणालो, काम झालं, फेकून दिला.

कामावर परत गेल्याच्या तिसऱ्या दिवशीची गोष्ट. ऍक्सलचे स्टँड रिकामे दिसले म्हणून मी रफीकभाईंना विचारलं. रफीकभाई स्टोअर सांभाळायचे, ते स्टाफमधले, त्यामुळे संपात आत होते. मी म्हणालो, "इतने ऍक्सल किसने खतम किये?"

ते म्हणाले, "हड़ताल में लग गये ना सब. पहले का माल था. भूल गये? अप्रैल में इतवार को भी बुलाते थे तुम लोगों को. ठसाठस भरे थे स्टँड."

आठवलं. संपाआधी महिनाभर रविवारी ओव्हरटाइम होता. आम्ही खूश होतो. कंपनी संपाची तयारी करत होती आणि ती आमच्याच हातून करवून घेत होती. त्या गाड्यांचे ऍक्सल दिनकरने एप्रिलमध्येच जोडून ठेवले होते. रेघ त्याची होतीच, का नसणार? आणि स्टँडवरचा एकही ऍक्सल माझ्याशिवाय पास होत नव्हता. म्हणजे त्या पंक्चर गाडीखाली, हिरव्या रेघेशेजारी, चारांपैकी एका बोल्टच्या नटावर माझा पांढरा ठिपका होता. ज्या पुराव्यावर दिनकर आत गेला होता त्याच पुराव्यावर मीही गेलो होतो.

तिथेच एका खोक्यावर बसलो. रफीकभाईंनी पाणी दिलं.

संध्याकाळी चौकसेजींना गाठून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वानखेडेजी, दस्तख़त हो गये. अब खोलेंगे तो सब खुलेगा. और लोग पूछेंगे, निशान तो तुम्हारा भी था, फिर तुमने उसी का नाम क्यों लिया? क्या जवाब दोगे?" हे समजावणं होतं की धमकी, मला कळलं नाही. मी गप्प घरी आलो. वर्षभराने सीनिअर इन्स्पेक्टर झालो. खबरी कोण होता ते कधीच कळलं नाही. चौकसेजींचा भाचा मात्र पुढच्याच वर्षी कंपनीत लागला. यावरून काय समजायचं ते मी आता कोणाला सांगत नाही, माझ्या समजण्याचा भरवसा राहिलेला नाही.

दिनकरला दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं नाही. नाव सगळीकडे पोचलं होतं, मालकांकडे लाइन थांबवणारा म्हणून आणि कामगारांकडे गद्दार म्हणून. त्याने छत्रीबागेत गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. मी कृष्णपुऱ्याला बाजारात जायचो तेव्हा मुद्दाम लांबच्या रस्त्याने जायचो. सुनंदाने एकदा विचारलं, "हा कुठला रस्ता?" मी म्हणालो, तिकडे गर्दी असते.

रिटायर झालो, आणि त्यानंतरही दोन वर्षं गेली. शेवटी गेल्या चैत्रात एका सकाळी गेलो. दिनकर एका स्कूटरचं चाक काढत होता. केस पांढरे झालेले, चष्मा दोरीने बांधलेला. मला लगेच ओळखलं. म्हणाला, "ये, बस." स्टूल पुढे केलं. मी ते हलवून न बघता बसलो.

सगळं सांगितलं. एप्रिलचा ओव्हरटाइम, स्टँड, रफीकभाई, ठिपका. तो चाक काढतच होता. माझं संपल्यावर त्याने पाना खाली ठेवला.

"ओव्हरटाइमचं मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "घरी जाताना बसमध्येच आठवलं. वाटलं, वानखेडेलाही आठवेल. उद्या येईल. दोन-तीन दिवस मी दारातच बसून होतो रे."

"दिनकर, माझी चूक झाली."

"चूक?" तो हसला. "यार, अपन सात वर्षं एका स्टँडवर होतो. तू कधी चुकला नाहीस. नटाचा वॉशर नसला तर तुला लांबून दिसायचं. आणि हाताच्या अंतरावरचा स्वतःचा ठिपका दिसला नाही? मी कसं मानू?"

मी शपथ घेणार होतो. तोंड उघडलं आणि थांबलो. कारण त्या क्षणी मला स्वतःलाच ठाम सांगता येईना. डांबरावर पाठ भाजत होती, बूट दिसत होते, कित्येक दिवस कोणी चहा दिला नव्हता. ठिपका दिसला नव्हता, की दिसला आणि मी डोळा पुढे नेला? मी पुष्कळ आठवून पाहिलं. हिरवी रेघ मला आजही लख्ख दिसते. तिच्या शेजारची जागा दिसत नाही.

त्याच्या बायकोने चहा आणून दिला. आम्ही प्यालो. निघताना मी म्हणालो, "मला माफ कर, असं म्हणायलाही लाज वाटते." 

तो म्हणाला, "माझ्याकडे येऊन काय सांगतोस? मी आत नव्हतो हे मला माहीतच आहे की. ज्यांना तेव्हा सांगितलंस त्यांना सांग."

त्या तंबूतले काही आता नाहीत. चौकसेजीही गेले. पण आमच्या बसमधली मराठी मंडळी इंदूर-महूतच आहेत, आणि मी हे ज्यात लिहितोय तो दिवाळी अंक दर वर्षी त्यांच्या घरी जातो. तर ऐका. संपाच्या एकाही दिवशी दिनकर इंगळे गेटच्या आत गेला नव्हता. ते चार दिवस तो खरोखर वडिलांच्या उशाशी होता. "पक्का" असं मी जे म्हणालो ते पक्कं नव्हतं, आणि ते कळल्यावरही मी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. ज्यांनी त्या सकाळी सतरंजीवर सरकून त्याला जागा दिली नाही, त्यांनी एकदा छत्रीबागेत जाऊन यावं. दुकान दहाला उघडतं. मंगळवारी बंद असतं.